धुराला वाट

माझे थोरले बंधू गंगाधर भोरला बांधकाम खात्यात ड्राफ्टसमन होते. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. नोकरीभर त्यांनी कागदावर रेघा मारल्या, पण त्यातली स्वतःची म्हणावी अशी रेघ एकही नव्हती. गावची चावडी असो, गुरांचा दवाखाना असो, नाहीतर ओढ्यावरची मोरी, नकाशा वरूनच ठरून यायचा. अण्णांनी फक्त जागेची मापं घालून तो पुन्हा उतरवायचा. "आमचं काम म्हणजे शिंप्याकडं काजं करणाऱ्यासारखं," ते म्हणायचे. "कोट बेतला दुसऱ्यानं, घालणार तिसरा. आम्ही भोकं पाडायची."

स्वतःच्या डोक्यानं त्यांनी आयुष्यात एकच घर काढलं. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, सोमजाई देवीच्या राईला लागून, सगळं लाकडाचं. ते काढलं माझ्या वहिनीसाठी.

वहिनीचं नाव मालिनी. आम्ही दोघी साधारण एकाच वयाच्या, त्यामुळे आमचं अगं-तुगंच होतं. माझे यजमान लवकर गेले, तेव्हापासून मी अण्णांकडेच राहत होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. घर म्हणजे नदीच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रा. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती. शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांच्या चुलींचा धूर आमच्याकडे यायचा आणि आमचा त्यांच्याकडे. वहिनीला दमा होता. लग्न होऊन आली तेव्हा थोडा होता, पुढे वाढत गेला. ती भाकरी थापायला बसली की आम्ही कान तिकडे लावून असायचो. आधी बारीक शीळ वाजायची, मग खोकला, मग ती परात तशीच ठेवून दाराशी येऊन उभी राहायची. मी चुलीपाशी गेले की तिला राग यायचा. "माझ्या हातचं काढून घेऊ नकोस," म्हणायची. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून वळकटीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. डॉक्टर एकदा अण्णांना म्हणाले, "औषध मी देतो, पण हवा मला बाटलीत भरून देता येत नाही."

साठ सालानंतरची गोष्ट. एका चैत्रात अण्णांना वरंध घाटाच्या रस्त्यावरच्या मोऱ्या मोजायला जायचं होतं. वहिनी म्हणाली, मीही येते. हिर्डोशीत नाना गुरवांकडे दोघं उतरली. नाना सोमजाईचे पुजारी, त्यांची बायको जाईबाई. घर साधंच, पण उन्हाळ्यात त्यांची चूल अंगणात, आणि मागे सगळा राईचा गारवा. तिथं दोनतीन दिवसांत वहिनीची शीळ थांबली. एका सकाळी अण्णा उठून बघतात तर ती उताणी झोपलेली, अगदी लहान मुलासारखी, हात डोक्यावर टाकून. अण्णांनी तिला उठवलं नाही आणि मोऱ्या मोजायलाही गेले नाहीत.

परत आले तेच मुळी घर डोक्यात घेऊन. नानांची राईला लागून एक उताराची पट्टी होती. नाचणीसुद्धा धड येत नव्हती तिच्यात. नाना म्हणाले, "घाला की खोपट. जिमीन कुठं उडून जातीया?" पावसाळ्याचे चार महिने सोडले तर बाकी वर्ष वहिनीनं तिथं काढायचं, मी शाळेच्या सुट्ट्यांत सोबतीला जायचं, अण्णांनी शनिवारी एसटीनं यायचं आणि बस सोडील तिथून चालायचं, असं ठरलं.

त्या पावसाळ्यात अण्णा सुट्टी मिळेल तेव्हा वर जायचे आणि डोक्यावर इरलं घेऊन त्या उतारावर बसून राहायचे. जाईबाईनं एकदा बांधावरूनच विचारलं, "सायेब, बगळ्यावानी काय बसलाय?"

"पाणी कुठून जातं ते बघतोय."

"उतारानं जातंय की! सायबाला शाळंत शिकिवलं न्हाई व्हय?"

अण्णाच आम्हाला हे सांगायचे आणि हसायचे. पण चैत्रात आणि त्या पावसाळ्यात मिळून बघितलं मात्र त्यांनी सगळं. पाऊस मावळतीकडून कसा झडीनं येतो, उन्हाळ्यात वारा सकाळी दरीतून कुठल्या झाडांच्या मधून वर चढतो, दुपारची सावली कुठं पडते. घराचं त्यांनी एकच पक्कं केलं होतं. उभं झाड एकही तोडायचं नाही आणि डोंगर खणायचा नाही. जमीन आहे तशी ठेवायची, लाकडी खांब दगडांवर उभे करायचे, उताराप्रमाणे एक उंच, एक आखूड, आणि त्यांच्यावर फळ्यांची जमीन. खालून पाणी वाहून जाईल. मावळतीकडे छप्पर इतकं खाली उतरवायचं की झड भिंतीला लागूच नये. उगवतीला दरीवर उघडी ओसरी. भिंती कारवीच्या कुडाच्या, खालून शेणामातीनं लिंपलेल्या, वरून हातभर न लिंपता सोडलेल्या, म्हणजे वारा आत येत राहील. ओसरीच्या जागी एक हिरड्याचं झाड मध्ये येत होतं. सगळे म्हणाले ते काढा. अण्णांनी फळ्यांना गोल भोक ठेवून झाड तसंच वर जाऊ द्यायचं ठरवलं.

आणि चूल. खरं तर सगळं घर त्या चुलीभोवतीच काढलं होतं. छपराची दोन पाखी आढ्यावर एकमेकांना मिळवायची नाहीत. एक पाखं वर, एक खाली, वरचं खालच्यावर थोडं पुढे आलेलं, म्हणजे पाऊस आत येणार नाही, आणि मधल्या फटीतून धूर निघून जाईल. अण्णांनी बुटांच्या खोक्याचं छोटं घर केलं, त्यात चुलीच्या जागी उदबत्ती लावली आणि दाराच्या बाजूनं पुठ्ठ्यानं वारा घालत बसले.

वहिनी वळकटीला टेकून बघत होती. म्हणाली, "घराची पूजा चाललीय का? घंटा देऊ?"

"थट्टा करू नकोस. नाक इकडे आण. आण की! येतोय धूर?"

वहिनी वाकली. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला आणि फटीतून बाहेर पडला. तिनं पुन्हा वाकून बघितलं. "नाही हो," ती म्हणाली. "डोळ्यालासुद्धा लागत नाही."

अण्णांनी ते खोकं फडताळावर ठेवलं आणि मला म्हणाले, हात लावायचा नाही. मी कशाला लावते!

हिर्डोशीचा सुतार सोनबा. त्याला अण्णांनी नकाशा दाखवला तेव्हा तो बराच वेळ कागद फिरवत राहिला. "सायेब, ही दोन पाखी येकमेकांस्नी मिळत न्हाईत. भांडान झालंय व्हय त्यांचं?" मग म्हणाला, खांबावर घर टांगलं तर वावटळीत पतंग होईल त्याचा. त्यावरून दोघांचं दोन दिवस चाललं. शेवटी सोनबानं खांब जरा जाड धरले, अण्णांनी छप्पर जरा उतरवलं आणि जमलं. सोनबा पुढे त्या घरावर इतका जीव टाकायला लागला की दुसऱ्या कुणी रंध्याला हात लावलेला त्याला चालेना.

अडचण आली लाकडाची. डेपोतलं साग आणावं तर वरपर्यंत बैलगाडीही चढत नव्हती. पलीकडच्या डोंगरावरची झाडं कोळशाच्या ठेकेदारांनी आधीच घेऊन टाकली होती. सोनबा म्हणाला, तुमच्या पट्टीत चार ऐन उभे आहेत, सरळसोट, देवानं खांबच रोवून ठेवलेत. अण्णा ऐकेनात. "ही झाडं आहेत म्हणून ती हवा आहे. हवेसाठी घर बांधायचं आणि हवेचीच मुंडी मुरगळायची?"

राईत मात्र झाडं पडलेली होती. आदल्या पावसाळ्यातल्या वादळात एक जुना ऐन आणि दोन किंजळ मुळासकट आडवे झाले होते. राईतलं लाकूड देवीचं. पडलं तर पडल्या जागी कुजतं. तिथली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. देवळाच्या दुरुस्तीला नाहीतर ओढ्यावरच्या साकवाला लागलं तरच, तेही देवीला कौल लावून घ्यायचं. अण्णांना त्या पडलेल्या झाडांवरून जाताना चैन पडेना. उभं झाड तोडायला नको, कुणाचं काही जायला नको, नाहीतरी वाळवी खाणारच. त्यांना वाटलं, हे लाकूड जणू घरासाठीच पडलंय.

नाना मंगळवारी कौल लावायला बसले. सोमजाई म्हणजे शेंदूर फासलेली शिळा. तिच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नानांनी विचारलं, "आई, आमच्या पावन्याच्या घराला तुझं पडल्यालं लाकूड देतीस का?" डावी पडली. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलं. पुन्हा डावी.

अण्णा तोंड पाडून बसले. नानांना त्यांची दया आली. "सायेब, आसं करू," ते म्हणाले. "घर म्हून मागायचंच न्हाई. आईची पडवी म्हून मागू. वाटसरू टेकंल, गुराखी टेकंल, आपल्या वैनी बी टेकतील. काय?" आणि नानांनी तसं विचारलं. शब्द तोंडातून निघतोय तोच उजवी पाकळी टपकन खाली आली. सगळे हसले. सोनबा म्हणाला, "म्हंजे आईला बी मागायची रीत लागती!" गूळखोबरं वाटलं आणि त्याच अंधाऱ्या पंधरवड्यात लाकूड चिरायला घेतलं. वद्य पक्षात चिरलेलं लाकूड किडत नाही म्हणतात.

वहिनी तेव्हा भोरला होती, अंथरुणात बसलेली. अण्णा आले आणि म्हणाले, "देवीनं दिलं." वहिनीनं तिथूनच हात जोडले. कसं मागितलं ते तिनं विचारलं नाही, आणि त्यांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

माघ, फाल्गुन सगळा घर बांधण्यात गेला. गावातल्या बायकांनी कारवीचे भारे आणून टाकले, गड्यांनी गवत शाकारलं. अण्णांना इतकं आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. जेवताना ताटात भाताची पाखी करून दाखवायचे.

वैशाखात आम्ही गेलो. एसटीतून उतरल्यावर वहिनीला खुर्चीला दोन वेळू बांधून वर नेलं. तिला भारी लाज वाटत होती. "मला काय देवीच्या पालखीत बसवलंय?" म्हणत होती. वळण मागे टाकून अगदी जवळ गेलो तेव्हा घर दिसलं. झाडांमधून ते आधी दिसलंच नव्हतं. झाडांच्याच रंगाचं, झाडांच्याच उंचीचं. ओसरीच्या मधून हिरडा वर गेलेला. वहिनी खुर्चीतून उतरली, पायरी चढली, खाली बसून फळ्यांवरून हात फिरवला. "अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही काढलंत?"

अण्णांनी सोनबाकडे बघितलं. सोनबाच म्हणाला, "काढलंय त्यांनी, पन उबं म्या केलंय, वैनी!"

मी दुधाचं भांडं आणलं होतं. नव्या घरात दूध उतू घालायचं, म्हणून चुलीत काटक्या रचल्या. वहिनी स्वतः चुलीपाशी बसली. तेवढ्यात जाईबाई आली. मधल्या खांबाला तिनं हळदकुंकू लावलं, वर एक छोटी घंटा अडकवली आणि वहिनीसमोर कुंकवाची कोयरी धरली. "लावा वैनी, आईच्या खांबाला. आन ती चूल तेवढी भाईर घ्या. आईचं लाकूड हाय, हितं इस्तू न्हाई पेटवायचा. भाईर सैपाक करा, हितं ऱ्हावा, झोपा, काय बी करा."

वहिनीच्या हातात काडीपेटी होती. "आईचा खांब म्हणजे?"

जाईबाईनं सगळं सांगितलं. मोठ्या कौतुकानं सांगितलं, हसत हसत, डावी कशी पडली, पुन्हा डावी, आणि मग नानांनी काय डोकं चालवलं. मी वहिनीकडे बघत होते. तिनं काडीपेटी फळीवर ठेवली आणि रचलेल्या काटक्या एक एक करून बाहेर काढल्या.

"अहो, ती दोनदा नाही म्हणाली होती?" तिनं अण्णांना विचारलं.

"तिसऱ्यांदा हो म्हणाली ना."

"तिच्या पडवीला हो म्हणाली. माझ्या घराला नाही."

"अगं, कुजून जाणारं लाकूड! कुणाचं काय गेलं त्यात?"

"कुणाचं काही गेलं नाही. पण तिचं म्हणून मागितलं, तिनं दिलं. आता मी इथं संसार मांडू? अंथरूण घालू, थुंकी-बेडका काढू, बाजूला बसायचे माझे दिवस आले की कुठं बसू? खांबाला घंटा बांधलीय."

नाना पायरीवर उभे होते. ते कळवळून म्हणाले, "वैनी, आई काय मामलेदार हाय व्हय दाखला बगाया? लेकराला कुटं आई हाकलती?"

"हाकलत नाही हो नाना," वहिनी म्हणाली. "म्हणून तर आपणच समजायचं."

अण्णांचा आवाज चढला. त्या गावानं त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल. "तुझ्यासाठी बांधलंय हे! दुसऱ्या कुणासाठी नाही! वाटसरू टेकेल असं म्हटलंय ना, मग टेक तू वाटसरू म्हणून!"

वहिनी त्यांच्याकडे बघून हसली. रागानं नाही. "वाटसरू एक रात्र राहतो," ती म्हणाली. "तेवढी राहते."

दूध अंगणात उतू घातलं.

सकाळी मला जाग आली तेव्हा वारा दरीतून वर येत होता, अण्णा म्हणाले होते तिथूनच, त्या दोन जांभळांच्या मधून. वहिनी ओसरीच्या बाजूला उताणी झोपली होती. शीळ नाही, काही नाही. अण्णा तिच्या पायथ्याशी बसले होते. मी मनात सोमजाईला म्हटलं, आई, हिला इथं राहावंसं वाटू दे. मग माझं मलाच वाटलं, आपणही पुन्हा तिसऱ्यांदाच मागतोय.

वहिनी उठली, केस बांधले, ओसरी झाडून काढली, खांबाला कुंकू लावलं आणि पिशवी घेतली. अण्णा पायरीवर आडवे उभे राहिले. "दोन दिवस तरी थांब."

"नको हो. थांबले तर राहावंसंच वाटेल."

त्या दिवशी ती खुर्चीत बसली नाही. बसपर्यंत चालत उतरली.

ज्येष्ठ लागायच्या आत अण्णा एकटे पुन्हा वर गेले. नानांना म्हणाले, पुन्हा कौल लावा. खरं सांगून विचारा, आजारी बाई आहे, तिला राहू देशील का? नानांनी पाकळ्या लावल्या आणि विचारलं. एकही पडली नाही. दोघं समोर बसून राहिले. दुपार झाली, उन्हं कलली. पाकळ्या शेंदराला चिकटून वाळल्या, पण खाली काही आल्या नाहीत. नाना म्हणाले, "सायेब, आई न्हाई बी म्हनत न्हाई. आना की वैनीस्नी." अण्णांनी घरी येऊन वहिनीला हे जसंच्या तसं सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. वहिनीनं ऐकून घेतलं. "मग झालं," म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.

नवं घर बांधायचं बळ आमच्यात नव्हतं, आणि बांधायचं तर लाकूड कुठलं, हा प्रश्न पुन्हा तिथंच. अण्णांनी भोरच्याच खोलीवर डोकं चालवलं. चुलीवरचा पत्रा कापून फट केली, वर दुसरा तुकडा आडवा ठोकला. पण बोळात वाराच नव्हता. आमचा धूर वर जाईना आणि शेजारचा त्या फटीतून खाली यायला लागला. पहिल्याच पावसात पाणी चुलीत आलं. अण्णांनी स्वतःच शिडी लावून ती फट डांबरानं बुजवली. त्या दिवशी ते कचेरीत गेले नाहीत.

वहिनी त्यानंतर दोन पावसाळे काढून गेली. शेवटचा हिवाळा तिला फार जड गेला. मधून मधून मी म्हणायचे, "जाऊया का गं वर, थोडे दिवस?" ती मान हलवायची. एकदाच म्हणाली, "ती सकाळ मला पुरते." पुरली नाही, हे आम्हाला दिसत होतं. पौषात ती गेली, वळकटीला टेकून बसलेली असताना. भोरच्या त्या घरात ती शेवटपर्यंत आडवी झाली नाही. तिरडीवर ठेवताना केली तेवढीच.

अण्णा नोकरी करत राहिले. मोऱ्या, चावड्या, दवाखाने. खोक्याचं घर फडताळावर होतं, त्यात एकदा उंदरांनी पिल्लं घातली. मी विचारलं, टाकू का? म्हणाले, राहू दे त्यांना. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या भिंतीला मोठा तडा गेला. अण्णा दुसऱ्याच दिवशी हिर्डोशीला गेले आणि संध्याकाळी परत आले. "उभं आहे," म्हणाले. "फळीसुद्धा सरकली नाही." एखाद्याची कागाळी सांगावी तसं म्हणाले. त्यानंतर बरीच वर्षं ते तिकडे फिरकले नाहीत.

सोमजाईनं असं का केलं, हे मला विचारू नये. मी तिला दोष देत नाही, सांजवात लावताना तिचं नावही घेते. वहिनी चुकली असंही मला म्हणवत नाही. पण अण्णा सांजवातीच्या वेळी उठून बाहेर जायचे, ते मी बघत होते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर अण्णा निवृत्त झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस अचानक म्हणाले, "येतेस का हिर्डोशीला?" आम्ही गेलो. वळणावर मी थांबले. घर इथून दिसत नाही असं मला आठवत होतं. पण दिसत होतं. लांबूनच दिसत होतं, उघड्यावर, कुणी विसरून गेलेल्या खाटेसारखं. मालकीच्या डोंगरावरची झाडं कोळशाला गेली होती. नानांच्या मुलांनी ते चार ऐनही विकले होते. राई उरली होती देवळाभोवतीच तेवढी. वाऱ्याला वाट देणारी ती दोन जांभळं कुठं होती, ते अण्णांनाही सांगता येईना. वारा येत होता, पण कोळशाच्या जुन्या भट्ट्यांची राख घेऊन येत होता. ओसरीतला हिरडाही कुणीतरी नेला होता. फळ्यांत त्याच्या खोडाएवढं गोल भोक राहिलं होतं. त्यातून खाली बघितलं तर बुंधा दिसत होता, काळा पडलेला.

खांब मात्र तसेच होते. आत शेळ्यांच्या लेंड्या, एका कोपऱ्यात कुणाची तरी फाटकी घोंगडी.

जाईबाई काठी टेकत आली. नाना, सोनबा दोघंही गेले होते. तिनं अण्णांना ओळखलं आणि पायरीवरच बसली. "लई दिसांनी आलासा," म्हणाली. "पडवी बगाया आला व्हय? लई मानसं झोपली बगा हितं. दुष्काळात तर रोज कोन ना कोन. घाट उतरून कोकनात कामाला जानारी, परत येनारी. आमी शाकारतो दर साली, आईची हाय म्हून."

अण्णा आत गेले होते. चुलीच्या जागी तीन दगड होते, आणि त्यांच्यात राख.

"जाईबाई, इथं चूल पेटवली?"

ती जरा घुटमळली. "पेटिवली. येक बाई आली, तिच्याजवळ लेकरू हुतं लहान, गारठून निळं पडल्यालं. भाईर वारं असलं. म्या म्हनलं, पेटीव बाई. तिला काय सांगत बसू? मग म्होरं बाकीची बी पेटवाया लागली." तिनं देवळाकडे बघून हात जोडले. "आई काय बोलली न्हाई."

मला भीती वाटली, अण्णा आता काय म्हणतील. ते वर बघत होते. त्या दोन पाख्यांच्या मधली फट तशीच होती. तिच्या कडेला तेवढी काजळी धरली होती. बाकी खांब, भिंती, सगळं स्वच्छ.

"धूर कुठून गेला?" अण्णांनी विचारलं.

जाईबाईला प्रश्नच कळेना. "कुटून जानार? वरनं निगून जातोय की. आत काय बी ऱ्हात न्हाई. डोळ्याला सुदिक लागत न्हाई."

अण्णांनी मान हलवली. मग खाली वाकून चुलीतली थोडी राख बोटांत घेतली, बघितली आणि परत तिथंच सोडली.

"चल," ते मला म्हणाले. "एसटी चुकेल."